हरवलेले भोक

ज्या घरात दिवेलागणीनंतर फाटक्या कापडाला थारा नव्हता, त्या घरातली मुलगी मोठ्या शहरात शिकायला निघाली, आणि तीही नेमकी फाटक्या कपड्यांचीच विद्या शिकायला. वडील शिंपी, आत्या रफूगार, आणि त्या दोघांच्या मध्ये कापडाच्या ठाणांवर लोळत वाढलेली ही उंच, सडपातळ, सरळसोट मुलगी. घरात तिला सगळे सुतळी म्हणत. नाव वडिलांनी ठेवले होते, पण त्यावर शिक्कामोर्तब आत्याने केले होते. आणि आत्याने एकदा शिक्का मारला की त्या घरात कोणत्याही गोष्टीला दुसरे नाव उरत नसे.

"म्हणजे तिथे जाऊन नक्की करणार काय?" बॅग भरून झाली तरी आत्याचे समाधान होईना.

"जुने कपडे जपायला शिकणार, आत्या. आपल्या पणजोबांच्या पणजोबांच्या वेळचे."

"जपायचे म्हणजे शिवायचे?"

"नाही गं. जसे आहेत तसे ठेवायचे."

"फाटके?"

"हो, फाटके."

आत्याने भावाकडे पाहिले. "दादा, पदवी मिळाली तेव्हाच म्हटलं होतं, आता पुरे कर. पोरीच्या डोक्याचा टाका उसवलाय."

वडील शिलाईच्या यंत्रावर मान खाली घालून हसले. हसण्याचा आवाज यंत्राच्या आवाजात बुडवण्याची कला त्यांना लहानपणापासून अवगत होती. आत्याने मात्र, बोलायचे ते बोलून झाल्यावर, आपल्या खास सुयांची डबी आणि शिवताना बोटात घालायचे, घासून गुळगुळीत झालेले अंगुस्तान सुतळीच्या हातात ठेवले. "असू दे. हातात सुई असली की परक्या ठिकाणी माणूस रिकामा राहत नाही. रिकामं माणूस रडतं."

शहर मोठे होते. इतके मोठे, की पहिल्या दिवशी सुतळीला त्याची टोके कुठे शिवली आहेत तेच कळेना. खोली चौथ्या मजल्यावर, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, आणि भिंतीवर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या मोज्यांची रांग. खोलीत तिच्याआधी राहायला आलेली मुलगी नकाशाशास्त्र शिकत होती, म्हणून तिला सगळा मजला भूगोल म्हणून हाक मारीत असे. स्वभावाने मोकळी, आवाजाने खणखणीत, आणि भिंतीवर शहराचा एवढा थोरला नकाशा लावलेला.

"उद्या मीच सोडते तुला विद्यापीठात," भूगोल म्हणाली. "अख्खं शहर पाठ आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खे शहर पाठ असलेल्या या मैत्रिणीने सुतळीला आधी भाजीबाजारात नेले, मग एका शाळेच्या पटांगणात, आणि शेवटी ज्या कोपऱ्यावरून निघाल्या होत्या तिथेच आणून उभे केले.

"अगं, हे तर आपलंच घर!"

"बघितलंस?" भूगोल जराही न लाजता म्हणाली. "रस्ते सगळे एकमेकांना मिळतात. हीच तर गंमत आहे."

सुतळीने कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. शेवटी पाववाल्याला विचारून दोघी पोहोचल्या. उशीर झाला तो झालाच.

ज्या दालनासाठी सुतळी एवढी लांब आली होती, ते विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत होते. लांबलचक खोली, खिडक्यांना पांढरे पडदे, म्हणजे ऊन थेट आत येऊ नये. भिंतीलगत पसरट, उथळ खणांची कपाटे, आणि मधोमध मऊ कापड अंथरलेली टेबले. प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि एक भिंग. वास जुन्या सुताचा, कापराचा, कोरड्या लाकडाचा. सुतळीने दारातच उभे राहून श्वास घेतला आणि तिला वाटले, आपण दुकानातच आलो; फक्त यंत्राचा आवाज तेवढा बंद आहे.

त्या खोलीच्या सर्वेसर्वा होत्या मॅडम. अंगाने लहानखुऱ्या, केस करकचून बांधलेले, अंगात कामाचा करड्या रंगाचा कोट. आवाज कधी चढत नसे. चढवायची वेळच कुणी त्यांच्यावर आणीत नसे. त्यांच्या हाताखाली सगळ्यांत जुना विद्यार्थी होता तो चिमटा. खिशात सदैव बारीक चिमटा बाळगणारा आणि बोलण्यातही तोच वापरणारा.

"पहिल्याच दिवशी उशीर," चिमटा हळूच म्हणाला. "छान. ऐकून ठेव. शनिवारी मॅडम ठरवतात. जिच्यावर विश्वास बसला ती या खोलीत. जिच्यावर नाही, तिची रवानगी वरच्या मजल्यावर, वाचनखोलीत. दोन वर्षं कपड्यांबद्दल वाचायचं. कपड्याला बोट लावायचं नाही."

वाचायला सुतळी कमी नव्हती, पण कापडाला बोट न लावता दोन वर्षे? माशाला पाण्याबद्दल पुस्तक वाचायला देण्यापैकीच ते. या एका खोलीसाठी तिने आत्याशी वाद घातला होता, आणि आत्याशी वाद घालून जिंकलेले माणूस त्या घराण्यात दुसरे नव्हते. आता वाचनखोलीतून फोन करून काय सांगणार?

मॅडमनी एक खण ओढला आणि मऊ कागदात गुंडाळलेला एका लहान मुलाचा जुना सदरा तिच्यासमोर अंथरला. फिकट निळा, हाताने विणलेल्या सुताचा. डाव्या बाहीला कोपरावर एक भोक.

"हा अभ्यासाच्या खणातला आहे," मॅडम म्हणाल्या. "दरवर्षी नव्या मुलांना हाच देते. याच्याजवळ बस. शनिवारी सांग, काय दिसलं."

एवढे बोलून त्या निघून गेल्या.

आता इथे सुतळीच्या घरची रीत समजून घ्यायला हवी. त्या घरात कुणी कुणाला 'हे शीव' असे तोंडाने कधी सांगत नसे. सांगण्याची गरजच नव्हती. फाटके कापड समोर आणून ठेवले आणि पाठ फिरवली, की सांगणे झाले. आत्या अशीच ठेवी, वडील असेच ठेवीत, आणि सुतळीच्या आईने लग्नानंतर नवऱ्याशी पहिले भांडण मिटवले तेही त्याच्या शर्टाचे तुटलेले बटण गुपचूप समोर सरकवून. तेव्हा मॅडमनी फाटका सदरा समोर ठेवून पाठ फिरवली, याचा अर्थ सुतळीला शब्दकोशात शोधावा लागला नाही.

तरीही तिने दोन दिवस दम धरला. सदरा पाहिला, विणीचे धागे मोजले, रंगाची नोंद केली. पण नजर फिरून फिरून त्या भोकाकडे जाई आणि हात शिवशिवत. पोर कधीचे मोठे होऊन, म्हातारे होऊन, गेलेसुद्धा असेल. आणि त्याचे कोपर अजून उघडेच! तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे व्याख्यानाला गेले. नव्या मुलांना त्यातून सुट्टी होती, म्हणून खोलीत सुतळी एकटीच उरली. पडद्यांवरचे ऊन पिवळे होत चालले, दिवेलागण जवळ आली, आणि सुतळीच्या हाताने डबी कधी उघडली ते तिच्या डोक्याला कळलेही नाही.

केले ते काम मात्र आत्याच्या तोलाचे. नवा धागा लावला तर तो नवा दिसतो, म्हणून सदऱ्याच्या खालच्या दुमडीच्या आतून, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथून त्याच सुताचे धागे तिने अलगद काढले. उभे धागे आधी घातले, मग आडवे, एक वर एक खाली, मूळ विणीच्या चालीने. संपले तेव्हा तिने बाही उजेडासमोर धरली. भोक नव्हते. कधी होते असेही वाटत नव्हते. सुतळी त्या दिवशी रस्ता न चुकता घरी पोहोचली आणि भूगोलला स्वतःच्या हाताने चहा करून पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम टेबलाशी थांबल्या. डावी बाही पाहिली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिली. मग उजवी पाहिली. सदरा उलटा केला, सुलटा केला.

"चिमट्या," त्या म्हणाल्या, "हा सदरा कुठला?"

"अभ्यासाच्या खणातला, मॅडम. दरवर्षीचा."

"मग याचं भोक कुठे आहे?"

चिमटा धावत आला. त्यानेही डावी बाही पाहिली, उजवी पाहिली, आणि खाली वाकून टेबलाखालीही पाहिले, जणू भोक घरंगळून पडले असावे. "काल होतं हो! मी स्वतः पाहिलंय."

"भोक चालत जात नाही. तू खण बदललास. मागच्या वर्षीही मोज्यांच्या खणात टोपी ठेवली होतीस."

"मॅडम, ते एकदाच झालं होतं! आणि टोपी मोज्यासारखी होती!"

बिचाऱ्याचा चेहरा असा झाला, की सुतळीला गप्प राहवेना. दुसऱ्याच्या गळ्यात आपली चूक अडकू देणे तिच्या घरात फाटक्या कापडाहून वाईट समजले जाई. ती उठून उभी राहिली.

"मॅडम, भोक मी बुजवलं."

मॅडमनी भिंग ओढले, दिवा खाली घेतला आणि बाही बराच वेळ पाहिली. सुतळीला वेडी आशा वाटत होती, की आता पाठीवर हात पडेल.

"धागा कुठला?"

"दुमडीतला. याचाच."

"म्हणजे दोन ठिकाणी हात लावलास." मॅडमनी भिंग बाजूला सारले. "काम सुरेख आहे. इतकं सुरेख, की मी दहा वेळा पाहिलेलं भोक मला सापडलं नाही. पण पोरी, कापडाला भोक पडतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. ते ऐकायला तुला बसवलं होतं. तू त्याचं तोंड शिवून टाकलंस."

एका वाक्यात सुतळीला सगळे कळले, आणि कळले हेच जास्त लागले.

"शनिवारपर्यंत सदरा जसा होता तसा करून दे. प्रत्येक धागा जिथला तिथे. मग वाचनखोलीचं बघू."

दुपारच्या सुट्टीत तिने पायऱ्यांवर बसून आत्याला फोन लावला. आत्याने पहिले अर्धेच ऐकले.

"मॅडमना सापडलंच नाही? भिंगातूनसुद्धा? दादा, ऐकलंस का! मोठ्या शहरातल्या भिंगालासुद्धा—"

"आत्या, पुढे ऐक ना."

पुढचे ऐकल्यावर आत्याचा सूर बदलला.

"तिने शीव म्हटलं होतं?"

"समोर ठेवलं होतं गं."

"समोर ठेवलं म्हणजे सांगितलं, ही रीत माझ्या घरातली. दुसऱ्याच्या घरात शिरलं की आधी तिथली रीत विचारायची. एवढी पदवी घेतलीस, एवढं विचारायला जीभ जड झाली?"

"चुकलं."

"चुकलं ना? मग रडू नकोस, उसव. जो रफू उसवता येत नाही तो रफूच नव्हे, ती नुसती गाठ. शेवटचा टाका आधी काढ. ओढायचं नाही, उचलायचं. आणि कात्री लावलीस, तर कुणाकडून शिकलीस ते सांगू नकोस." मग थोडे थांबून, "जेवलीस का?"

सुतळी उसवायला बसली. घालताना हात वाऱ्यासारखा चालला होता. काढताना मुंगीसारखा चालू लागला. भिंगाखाली सुईच्या टोकाने एक टाका उचलायचा, धागा सोडवायचा, मऊ कागदावर ओळीने ठेवायचा, आणि मग दुमडीत त्याच्या जुन्या वाटेने परत घालायचा. शेजारी चिमटा स्वतःचे काम करीत बसला होता, निदान तसे दाखवीत होता.

"माझ्यावर चोरीचा आळ आला," तो पुटपुटला. "तोही भोकाच्या चोरीचा. घरी सांगितलं तर आई विचारेल, त्याचं करणार होतास काय?"

सुतळीला हसू आवरेना. "दादा, हसवू नका. हात हलतो."

"दादा म्हटलंस? गेलं, आता राग धरता येणार नाही." त्याने खिशातला लाडका चिमटा तिच्यापुढे सरकवला. "हा वापर. याचं टोक सुईपेक्षा मऊ आहे. हरवलास तर मात्र बोलणार नाही."

आणि त्या मुंगीच्या चालीत, पहिल्यांदाच, सुतळीला भोक दिसू लागले. शिवताना तिने ते फक्त बुजवण्याची जागा म्हणून पाहिले होते. आता कडेचा एकेक धागा मोकळा होत होता आणि तिच्या ध्यानात आले, की ही टोके तुटलेली नाहीत. खिळ्यात अडकून फाटले असते तर टोके तडकन तुटलेली असती. ही झिजून झिजून, केसासारखी बारीक होत संपली होती. भोक गोलही नव्हते. कोपरापासून मनगटाच्या दिशेने लांबट पसरले होते. आणि त्याच्या कडेला, अगदी तळाशी, तिला असे काही दिसले की तिने सुई खाली ठेवली.

तिथे जुने टाके होते. तिचे नव्हेत. जाडसर, वेडेवाकडे, वेगळ्याच सुताचे. कुणीतरी हे भोक आधी एकदा बुजवले होते, आणि पोराने ते पुन्हा झिजवले होते. घाईत सुतळीने त्या टाक्यांच्या वरूनच आपले देखणे काम केले होते. म्हणजे कुणा आईला, की आत्यालाच, तिने पुसून टाकले होते.

तिने कानाला खडा लावला. तिचा हात यानंतर आणखी हळू चालू लागला.

घरी भूगोलने विचारले, "झालं का गं जसं होतं तसं?"

"होतंय. पण आता मला ते जास्त आवडायला लागलंय."

"भोक?"

"भोक."

"या शहरात येऊन लोक काय काय मिळवतात," भूगोल नकाशाकडे बघून म्हणाली, "आणि माझी मैत्रीण भोकाच्या प्रेमात पडली."

शनिवारी मॅडम आल्या. सदरा टेबलावर अंथरलेला होता, डाव्या कोपरावर भोक जागच्या जागी. चिमट्याने ते पाहून असा सुस्कारा सोडला, जणू हरवलेले माणूस घरी परतले. मॅडमनी भिंग घेतले. आधी दुमड तपासली, मग कडा, मग एकेक टोक.

"एक धागा दुमडीत थोडा सैल आहे," त्या म्हणाल्या.

"हो. तो पूर्वीसारखा बसेना. जोर केला असता तर तुटला असता, म्हणून तसाच ठेवला. माझ्यामुळेच झालंय ते."

"बरं. काय दिसलं?"

सुतळीने एकदा श्वास घेतला. "फाटलेलं नाही, झिजलेलं आहे. हात एका जागी दाबलेला नाही, सरकत राहिलेला आहे, म्हणून भोक लांबट आहे. उजवी बाही धडधाकट. म्हणजे पोर डावा हात कशावर तरी टेकून, पुढेमागे सरकवत, रोज बसत असणार. आणि कुणीतरी एकदा रफू केलाय. रफू करणाऱ्याला ते काम येत नव्हतं, पण केलाय. पोराने तिथेच परत झिजवलंय. सवय मोडली नाही."

"कशावर टेकून? खिडकीवर? टेबलावर?"

खिडकीवर, असे म्हणावे असे सुतळीला फार वाटले. वाट बघणारे पोर तिने मनात रंगवलेही होते. पण तिने स्वतःला आवरले.

"माहीत नाही, मॅडम. सदरा तेवढं सांगत नाही."

मॅडम प्रथमच हसल्या. "जुने टाके दरवर्षी निम्म्या मुलांना दिसतात. 'माहीत नाही' मात्र फार थोड्यांच्या तोंडून निघतं. सगळे खिडकी म्हणतात." त्यांनी चिमट्याकडे पाहिले. "हा तर म्हणाला होता, खिडकी, आणि बाहेर पाऊस."

"मॅडम, ते जुनं झालं," चिमटा कळवळून म्हणाला.

"हिचं टेबल हेच. पलीकडचा दिवाही हिला दे. वाचनखोलीत कुणी जायचं नाहीये." दारापर्यंत जाऊन मॅडम थांबल्या, घुटमळल्या, परत आल्या. अंगातला करडा कोट काढला आणि काही न बोलता सुतळीपुढे टेबलावर ठेवला. डाव्या कोपरावर भोक होते. पाठ फिरवून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

सुतळीचा हात डबीकडे गेला, आणि मधेच थांबला. दुधाने तोंड पोळले होते. आता ताक फुंकून पिणे भाग होते.

"मॅडम, हा कोट संग्रहातला आहे का?"

"माझा आहे."

"शिवायचा आहे का?"

"मग समोर कशाला ठेवला?"

सुतळी मनापासून हसली. पण सुई ओवण्याआधी, आता सवयच लागली म्हणून, तिने भिंग ओढून बाही नीट पाहिली. मग आणखी जवळून पाहिली. "मॅडम, हे भोक लिहून पडलेलं नाही. लिहिताना हात सरकतो. हे अगदी गोल आहे, कोपराच्या टोकावर. भार एकाच जागी, बराच वेळ. म्हणजे कोपर टेबलावर रोवून, हनुवटी तळव्यावर ठेवून... दुपारच्या जेवणानंतर..."

चिमट्याला जोराचा खोकला आला. तो पाणी प्यायला बाहेर पळाला आणि त्याचा खोकला लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

मॅडम खिडकीबाहेरच पाहत होत्या, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"पुरे झालं ऐकणं," त्या म्हणाल्या. "आता शीव त्याचं तोंड. आणि पक्कं शीव."

"दिवेलागणीच्या आत देते, मॅडम," सुतळी म्हणाली, आणि आत्याचे अंगुस्तान बोटात चढवून कामाला बसली.